द्वारकेचं पाणी

१

रविवारी सकाळी ओमप्रकाश शेठच्या द्वारकेभोवती मेलेली मासळी तरंगताना दिसली, आणि दुपारच्या आत उद्धव माळी कोठडीत जाऊन बसलासुद्धा. अकोल्यात न्याय इतका तुरुतुरु चाललेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

ही द्वारका म्हणजे सिमेंटची. साल १९६४. शेठनं कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात बक्कळ कमावलं होतं आणि परदेशातल्या कुठल्याशा मौजेच्या बागेचे फोटो बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. गावाबाहेरच्या नाल्याला पक्का बांध घालून त्यांनी तळं केलं, तळ्याच्या मध्ये द्वारका बांधली, काठावर दहा तोंडांच्या रावणाची लंका केली, बोगद्यात पाताळ केलं आणि भोवती फिरायला लहानशी आगगाडी आणली. नाव ठेवलं इंद्रपुरी. पुढच्या रविवारी मंत्री येणार होते आणि नावेतून द्वारकेला जाऊन उद्घाटन करणार होते.

मी तारा पळसोदकर. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक खरंच बोलतात. त्या दिवशी मी अंगणात वडिलांशी वर्तमानपत्रावरून भांडत होते, तेवढ्यात उद्धवची बायको पार्बताबाई फाटकातून आत आली. डोक्यावर भाजीची पाटी नाही म्हटल्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"ताई, त्याइले नेलं वो!" ती पायरीवरच बसली. "म्हने, तुह्या नवऱ्यानं तळ्यात मोरचूद टाकलं. घरातून मडकं उचलून नेलं. अवं, ते संत्र्याच्या झाडाइले लावाले आनलं होतं. साऱ्या माळ्याइच्या घरी असते!"

"मग एकट्या उद्धवलाच काहून धरलं?"

"भांडन झालं होतं ना. त्या उत्तमराव म्यानेजरसंगं. हे रागारागात बोलून गेले, तुमची द्वारका मातीत जाईन म्हनून. साऱ्याइनं आयकलं. आता त्या उत्तमरावनंच पोलिसाइले नाव सांगितलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन ताई, पानी! कालच्या शनिवारीच नाई सुटलं. आता तर म्हनतात, मासे मारनाऱ्याइले पानी कायचं? मेथीनं माना टाकल्या. असे आठ-धा दिवस गेले तर सारी वाडी जळून जाईन. मंग आमी खावाचं काय?"

या पाण्याची गोष्ट अशी, की तळ्याच्या खाली माळ्यांच्या वाड्या आहेत. पूर्वी नाला थेट त्यांच्या पाटात जायचा. बांध घालताना शेठनं कबूल केलं होतं, की दर शनिवारी सकाळी तळ्याचं दार उघडून वाड्यांना पाणी सोडायचं. त्याच पाण्यावर भाजी, त्याच पाण्यावर झेंडू, आणि पाटाला पाणी आलं की माणसं, लेकरं, ढोरं सगळी तेच पिणार.

माझे वडील मोरोपंत वकील, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, "दिवाळीची सुट्टी संपली की उद्धवचा जामीन मी काढतो. पण पाणी जामिनावर सुटत नाही, तारा. खरा माणूस सापडल्याशिवाय शेठ दार उघडायचे नाहीत."

"मग सापडवते की!"

"तू?"

"शाळेला सुट्टी आहे, आणि मला फराळ करायचा कंटाळा आला आहे," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

२

इंद्रपुरीच्या फाटकातच मासळीचा वास नाकात गेला. मजूर जाळ्यांनी रोहू ओढून काढत होते. ओमप्रकाश शेठ नाकाला अत्तराचा रुमाल लावून काठावर उभे होते.

"आइए, बाईजी! बघा, काय केलं माझ्या तालाबचं! मंत्रीजी येणार, आणि हे लोक असं करतात!"

मी पाण्याकडे बघत राहिले. दसऱ्याच्या आधी मी मुलींची सहल इथे आणली होती. तेव्हा पाण्यावर हिरव्या शेवाळाची साय धरली होती आणि आमच्या मुली नाकं मुरडत होत्या. आता शेवाळाचा मागमूस नव्हता. मासे मेलेले, पण पाणी मात्र अगदी तळ दिसेल इतकं नितळ.

"शेठजी, शेवाळ कुठे गेलं?"

"उत्तमरावनं साफ केलं. बहुत मेहनती आदमी." शेठ जरा फुलले. "मी सांगितलं होतं, ही द्वारका आहे, समुंदरमें पाहिजे. हिरवं डबकं नाही चालणार. पाणी निळं कर, एकदम निळं!"

"आणि त्यांनी ते केलं कसं?"

"ते त्याचं काम. मी हुकूम देतो, तो करतो. प्रत्येक गोष्ट मी विचारत बसलो तर मॅनेजर कशाला ठेवला?"

तेवढ्यात खुद्द उत्तमराव आला. गृहस्थ मूळचा बोरगावचा, पूर्वी शेठच्याच जिनमध्ये होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मी नमस्कार केला तर त्याचं लक्षच नाही.

"उत्तमराव, उद्धवनं तळ्यात काही टाकताना तुम्ही पाहिलंत?"

"पाह्यलं नाई. पण त्यानं धमकी देल्ली होती. आन त्याच्या घरी मोरचूद सापडलं."

"मोरचूदच होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो जाळ्यांकडे वळला. मग म्हणाला, "पोलीस म्हनले," आणि मजुरांवर ओरडत निघून गेला.

शेठ मात्र तापलेलेच होते. "सांगा बाईजी, मी काय कमी केलं या लोकांचं? मी शुक्रवार-शनिवार अमरावतीला, पाहुण्यांच्या बंदोबस्तात. तरी शनिवारी सकाळी यांना कराराप्रमाणे पाणी दिलं. आणि दुसऱ्या दिवशी यांनी माझेच मासे मारले! एहसानफरामोश!"

"शनिवारी पाणी दिलं?"

"दिलंच! ओमप्रकाशची जबान आहे ती."

माणूस खोटं बोलायला लागला की माझ्या लगेच लक्षात येतं, वर्गात रोजचाच अनुभव आहे. शेठ खोटं बोलत नव्हते. पण पार्बताबाईही खोटं बोलली नव्हती. मग शनिवारी पाण्याचं काय झालं?

३

जानराव फौजदार वडिलांचे जुने स्नेही. कुरकुरले, पण उद्धवसाठी आणलेल्या चकल्यांच्या डब्यासकट त्यांनी मला कोठडीच्या गजाशी बसू दिलं.

उद्धव भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "ताई, पानी सुटलं का?"

"नाही सुटलं. तू आधी मला सांग, भांडण कशावरून?"

"त्याइच्या आगगाडीचं काळं तेल आमच्या पाटात सोडून राहिले होते. मी म्हनलं, उत्तमराव, तुमी बी कास्तकाराचे लेकरू, असं कावून करता? तो म्हने, शेठले जाऊन सांग. मंग माही खोपडी सटकली." त्यानं कपाळाला हात लावला. "बोललो मी, नाई म्हनत नाई. पन पान्यात जहर? ताई, त्या पाटाचं पानी माहीच पोरं पेतात!"

"मडक्यातलं मोरचूद तू कसं वापरतोस?"

त्याला हा प्रश्न अगदीच बावळट वाटला असावा. "कसं म्हन्जे? मातीच्या मडक्यात भिजवाचं. दुसऱ्या मडक्यात चुना. दोन्ही एकात वतून झाडाच्या बुडाले लावाचं."

"मडक्यातच का? घरात बादली आहे, घमेलं आहे."

"लोखंडात?" उद्धव त्या परिस्थितीतही हसला. "लोखंडात भिजवलं का मोरचुदाचा जीवच जाते, ताई. आन भांडं बी खराब होते. आमच्या वाडीतलं लहान पोरगं बी तसं नाई करनार."

मी एकदम उठले. माझ्या हातातला डबा खाली पडला, चकल्या कोठडीभर झाल्या. जानराव धावत आले. "काय झालं हो, ताराबाई?"

"फौजदारसाहेब, तुम्हाला चकल्या. मला एक भांडं बघायचं आहे."

४

तळ्याच्या एका कडेला पत्र्याची खोली होती. नावा, वल्ही, फावडी, दोर, सगळं त्यात. तिथला नावाडी बंडू, चाळिशीचा, तोंडाचा फाटका आणि मनानं सरळ. मी आत सगळं उचकायला लागल्यावर तो मागे मागे फिरत राहिला.

"काय पाह्यता, बाई? सोनं पुरलं का इथं?"

"सोनं नाही, तांबं."

ते मला पालथ्या घातलेल्या नावेखाली सापडलं. सिमेंट कालवायचं घमेलं, बाहेरून काळं, आतून मात्र लालसर, घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं. मी केसांतला आकडा काढून आतून खरवडलं. लाल पापुद्रा निघाला आणि खाली काळं लोखंड दिसलं.

"आई शप्पथ!" बंडू म्हणाला. "हे तर आपलं लोखंडाचं घमेलं. तांब्याचं कवा झालं?"

दर वर्षी नववीच्या मुलींना मी हा प्रयोग दाखवते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार; त्याच्या पाण्यात लोखंडी खिळा सोडायचा. पाण्यातलं तांबं खिळ्यावर येऊन बसतं आणि खिळा लाल होतो. म्हणजे कुणीतरी या घमेल्यात मोरचूद भिजवलं होतं, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ज्याचा जन्म वाडीत गेला तो माळी हे मरेपर्यंत करणार नाही. करणारा माणूस मोरचूद ओळखत होता, पण त्यानं ते कधी हातानं वापरलेलं नव्हतं.

"खोलीची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

बंडूचा चेहरा उतरला. "शेठकडं, उत्तमरावकडं, आन... माह्याकडं. बाई, आता माह्यावर आनता का हे?"

"तुझ्यावर आणायचं असतं तर तुझ्यासमोर खरवडलं असतं का, वेड्या? शनिवारी सकाळी तू होतास ना इथं? पाण्याचं दार कोण उघडतं?"

"मीच. शनिवारी बी गेलो होतो चाक फिरवाले. उत्तमराव आधीच तिथं उभे. दाराले कुलूप घातलं होतं. म्हने, चाक बिघडलं, जा घरी." बंडूनं मान हलवली. "त्या चाकाले मी सोता तेल देतो, बाई. काई बिघडलं नव्हतं. आन त्याइचा चेहरा असा, जसं घरात कोनी गेलं."

मी तिथेच नावेवर बसले. मासे दिसले रविवारी. कुलूप लागलं शनिवारी. सगळ्या गावाला पाणी चांगलं वाटत होतं, तेव्हा एका माणसाला ते विषारी आहे हे ठाऊक होतं. शेठला ठाऊक नव्हतं, नाहीतर पाणी दिल्याची बढाई त्यांनी माझ्यापुढे मारलीच नसती. बंडूला ठाऊक नव्हतं, तो तर दार उघडायला निघाला होता.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "तर्क चोख आहे. पण कोर्टात तू घमेलं दाखवशील आणि उत्तमराव म्हणेल, चाक बिघडलं होतं. पुढे?"

"पुढे त्याच्याच तोंडून वदवायचं."

"तो कशाला बोलेल? निर्दोष माणसाला कोठडीत बसलेलं बघून जो बोलला नाही, तो कशानं बोलेल?"

मी चिडून रात्री जेवलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईच्या वाडीत गेले. वांग्याची रोपं वाळून काड्या झाली होती आणि तिच्या पोरी लांबच्या विहिरीवरून घागरीनं पाणी आणून एकेका रोपाला घालत होत्या. ते बघितलं आणि उत्तर सुचलं. उत्तमराव माणसाला बुडू देईल, पण त्यानं एक गोष्ट होऊ दिली नव्हती. तीच करायला लावायची.

५

शनिवारी सकाळी आम्ही सगळे तळ्याच्या दाराशी जमलो. जानराव फौजदारांनी चौकशीसाठी म्हणून उद्धवला आणलं होतं, हातात बेड्या. पार्बताबाई आणि वाडीतले माळी कुदळी-फावडी घेऊन पाटावर उभे होते. शेठ नव्या फेट्यात, कारण उद्या मंत्री. उत्तमराव सगळ्यांच्या मागे.

वडील पुढे झाले. "शेठजी, आज शनिवार. पाणी सोडा."

"वकीलसाहेब, ज्यांनी जहर टाकलं त्यांना पाणी?"

"म्हणजे पाण्यात अजून जहर आहे म्हणता? मग उद्या मंत्र्यांना त्यात नेता कसं? फौजदारसाहेब, लिहून घ्या, शेठ म्हणतात तळं विषारी आहे."

"अरे, नाही नाही!" शेठ गडबडले. "विष एक मडकं होतं, आता त्याचं काय राहतं? पाणी बघा, कांच आहे कांच!"

"मग मंत्र्यांना चालतं ते मेथीला का नाही चालायचं?"

माळ्यांमध्ये हशा पिकला. शेठनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि रविवारपासून स्वतःकडे ठेवलेली दाराची किल्ली खिशातून काढून माझ्या हातात आपटली. "उघडा! उघडा एकदाचं!"

मी कुलूप काढलं. चाकावर हात ठेवला. पलीकडे पाटात दोन-तीन लेकरं ओंजळी करून पुढे वाकून उभी होती. मी काही झालं तरी चाक फिरवणार नव्हते, पण हे माझ्याशिवाय फक्त वडिलांना ठाऊक होतं. मी दोन्ही हातांनी चाक धरलं.

"नका उघडू!"

उत्तमराव गर्दी तोडून आला आणि चाकावर अंगच टाकलं. "नका उघडू, बाई! लेकरं पेतात ते पानी!"

"काहून नको? एकच मडकं तर होतं."

"एक मडकं नाई! लय हाय, पोतेच्या पोते हाय!"

मी चाक सोडलं आणि म्हटलं, "किती आहे ते टाकणाऱ्यालाच ठाऊक, उत्तमराव."

मग मी सगळ्यांना घमेलं दाखवलं, आणि कुलूप एक दिवस आधी लागल्याचंही सांगितलं. "एक मात्र मला कळलं नाही. मासे मारायला इतकं कशाला लागतं? पोत्यामागून पोतं कशाला?"

उत्तमराव खाली बसला. "मासे कोनाले मारायचे होते? शेठ म्हनले, पानी निळं पाह्यजे. मी कधी कुठं पानी निळं केलं? कपड्याले नीळ देल्ली तर कपडा निळा होते. मोरचूद तर त्याच्याहून निळं. मी म्हनलं, हेच टाकू. टाकलं. शेवाळ गेलं, पन पानी निळं होईना. अजून टाकलं. तरी होईना. शेठचा रोज फोन, झालं का निळं? मंग अजून टाकलं." त्यानं लंकेकडे हात केला. "शुक्रवारी संध्याकाळी पयले मासे उलटे झाले. ते मी लंकेच्या मागं पुरले. शनिवारी कुलूप घातलं. रविवारी सारेच वर आले, पोलीस आले, म्हनले कोनावर संशय? तोंडातून उद्धवचं नाव निघालं. निघालं ते निघालं, मंग मले परत घेता नाई आलं."

"मैंने तो सिर्फ नीला बोला था!" शेठ ओरडले. "जहर टाक असं नाही बोललो!"

माझा पारा चढला. "कसं करशील हे विचारलं होतं का? रोज फोन करत होतात, तेव्हा एकदा तरी विचारलं, की बाबा, तू टाकतोस काय, आणि ते जातं कुठं? तळं तुमचं, हुकूम तुमचा, पाणी खाली जाणार पार्बताबाईच्या पोरांच्या पोटात, आणि तुम्हाला फक्त रंग ठाऊक!"

शेठनी फेटा काढून हातात घेतला. हळूच म्हणाले, "आता करायचं काय?"

ते मी ठरवूनच आले होते. तळ्यातला एक थेंबही नाल्यात जाणार नाही. पंप लावून सगळं पाणी शेठच्याच पडीक माळावर काढायचं आणि त्याला कुंपण घालायचं, ढोर शिरता कामा नये. तळ्याच्या वरून नाल्याचं ताजं पाणी चर खणून थेट पाटात सोडायचं, आजच्या आज, आणि तो चर कायमचा राहील. वाळलेल्या वाडीची भरपाई शेठ देतील. आगगाडीचं तेलही पाटात येणार नाही. वडिलांनी प्रत्येक कलमाला नुसती मान हलवली. वकिलाची मान हलली की शेठ लोकांना पुढचं सगळं दिसतं.

"मंजूर," शेठ म्हणाले. "पण उद्या मंत्रीजींना काय सांगू?"

"सांगा, द्वारका बुडाली."

माळी तोवर कुदळी घेऊन वरच्या अंगाला निघालेसुद्धा होते. पार्बताबाई सगळ्यांच्या पुढे.

जानरावांनी उद्धवच्या बेड्या काढल्या आणि कागद पुढे ओढला. "बोल उद्धव. तुझी फिर्याद घेतो. याला चांगला अडकवतो मी."

उद्धव मनगटं चोळत उत्तमरावकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या घालतो. मी घातल्या असत्या.

"लिवा, साहेब. यानं माह्यं खोटं नाव घेतलं. माही बायको दारोदार रडत फिरली. माह्या पोराइले लोक जहरवाल्याचे पोरं म्हनले. हे सारं लिवा, काई सोडू नका."

जानराव भराभर लिहू लागले. उत्तमरावची मान आणखी खाली गेली.

"आन हे बी लिवा, का शनिवारी दार यानंच लावलं. नाई लावलं असतं तर आज मी सुटून कोनाकडं आलो असतो?"

जानरावांचा टाक थांबला. "अरे, फिर्यादीत आरोपीची बाजू कुणी लिहितं का? दोन्ही एका कागदात कसं बसवू मी?"

"ते तुमी पाहा," उद्धव म्हणाला आणि खांद्यावर कुदळ टाकली. "दोन्ही झालं हाय."